दर पस्तीस दिवसांनी मरणारा सेल: काकांच्या सायकलच्या सेन्सरचं प्रकरण

आमच्या बिल्डिंगमधले काका नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत, वय चौसष्ट. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले सायकल चालवा, पण जड गिअर ओढत बसू नका, हलक्या गिअरवर पायडल पटापट फिरवा. तेव्हापासून केडन्स, म्हणजे मिनिटाला पायडलचे किती फेरे होतात तो आकडा, हा काकांचा जपच झालाय. साठच्या खाली गेला की चेहरा पडतो. गुढीपाडव्याला त्यांनी सायकलच्या हँडलवर लावायचा वायरलेस कॉम्प्युटर घेतला, जीपीएसवाला, चार्जिंगचा, आणि सोबत स्पीड-केडन्स सेन्सर. हा जुन्या पद्धतीचा चुंबकवाला सेन्सर आहे, डाव्या बाजूला मागच्या चाकाकडे जी आडवी नळी जाते तिच्यावर झिप टायने बांधतात, एक चुंबक मागच्या चाकाच्या तारेवर आणि दुसरा डाव्या क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्यावर बसतं त्या दांड्याच्या, आतल्या बाजूला. सेन्सरमध्ये एक सीआर२०३२ बटण सेल असतो आणि डब्यावर लिहिलं होतं की रोज एक तास चालवली तर सेल वर्षभर टिकेल.

पहिला सेल मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेला.

"अरे, या कॉम्प्युटरची बॅटरीच टिकत नाही बघ," असं म्हणत काका कॉम्प्युटर घेऊन माझ्याकडे आले. मी सातपूरला एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं काम करतो त्यामुळे बिल्डिंगमधलं बंद पडलेलं सगळं, मिक्सरपासून डोअरबेलपर्यंत, माझ्या टेबलावर येतं. बघतो तर कॉम्प्युटरला ऐंशी टक्के चार्ज, स्पीड दाखवतोय (ते जीपीएसवरून येत होतं), फक्त केडन्सच्या जागी दोन रेघा. म्हणजे कॉम्प्युटर ठणठणीत आणि सेन्सर मेलेला. ही गल्लत खूप जणांची होते, रेघा दिसतात कॉम्प्युटरवर म्हणून दोष कॉम्प्युटरला, आणि मग लोक तो चार्ज करत बसतात, अपडेट मारतात, फॅक्टरी रिसेट मारतात आणि खाली नळीवरचा सेल बदलायचा राहूनच जातो.

मी म्हटलं सोबत आलेला सेल असाच असणार, डब्यात वर्षभर पडून असेल. नवीन टाकला, चालू झालं, विषय संपला असं वाटलं.

दुसरा सेल जूनच्या मध्यात गेला. आता काकांचा संशय दुकानदारावर, तीस रुपयांचा सेल डुप्लिकेट निघाला म्हणे, आणि खरं सांगायचं तर माझाही तोच संशय होता कारण बटण सेलमध्ये नकली माल भरपूर येतो. काढलेला सेल मीटरला लावला तर २.९ व्होल्ट! काका म्हणाले अरे हा तर भरलेला आहे की. नाही. लिथियमचा सेल असाच फसवतो, त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत तीनच्या आसपास राहतो आणि शेवटी एकदम पडतो, शिवाय काढून तासभर ठेवला की थोडा सावरतो पण. नुसत्या मीटरने काहीच कळत नाही, त्याच्यावर लोड टाकून, म्हणजे त्यातून करंट ओढून, बघायचं. मी २२० ओहमचा रेझिस्टर लावून पाच सेकंद बघितलं, नवा सेल ३.२ वरून ३.० ला थांबला आणि हा २.९ वरून थेट २.० च्या खाली. सेल संपत आला की आतला रेझिस्टन्स वाढतो आणि रेडिओने सिग्नल पाठवायला एक झटका ओढला की सेल बसतो, सेन्सर रिसेट होतो, आणि आपण म्हणतो कनेक्शन तुटतंय.

मग तिसरा सेल एम. जी. रोडवरून चांगल्या कंपनीचा आणला, किंमत तिप्पट, आणि तो साडेआठ आठवडे चालला. झालं, आम्ही दोघांनी निकाल देऊन टाकला की आधीचे दोन नकली होते. काकांनी त्याच कंपनीची पाच सेलची पट्टी घेऊन ठेवली. (इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. काही कंपन्या या सेलवर मुद्दाम कडू लेप लावतात, पोरांनी तोंडात घातला तर थुंकावा म्हणून, आणि तो लेप कधीकधी कॉन्टॅक्टच नीट होऊ देत नाही, तेव्हा नवीन सेल चालत नसेल तर आधी स्पिरिटने पुसून बघा. पण कडू आहे म्हणून निर्धास्त राहू नका, गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत जाळतो, काकांचा नातू तीन वर्षांचा आहे म्हणून मी हे दर वेळी बोलतोच.)

त्याच पट्टीतला चौथा सेल बरोबर पाच आठवड्यांत गेला. सप्टेंबरची वीस तारीख. आता नकली मालाचं काही म्हणता येईना.

मग संशयाचा बाजार भरला. काकूंचं म्हणणं पाणी गेलं असणार, पावसात त्र्यंबकला जाता कशाला, आणि ते अगदीच चूक नव्हतं कारण श्रावणात काका दोनदा त्र्यंबकेश्वरला जाऊन आले होते, नाशिकरोडहून जाऊन-येऊन पंच्याहत्तर किलोमीटर होतात आणि अंजनेरीच्या पुढे पावसाने झोडपलं होतं. सेन्सरमध्ये ओल गेली तर सेलला टेकणाऱ्या दोन पट्ट्यांमध्ये बारीक करंट गळत राहतो आणि सेल पाण्यातच जातो, शब्दशः. पण उघडून बघितलं, रबरी रिंग जागेवर, आत कुठे हिरवट बुरशी नाही, पांढरी पावडर नाही, कोरडं ठाक. तरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं. शिवाय मे महिन्यात कुठला पाऊस, पहिला सेल तर मेमध्येच गेला होता.

तळमजल्यावरच्या एका पोराचं म्हणणं पार्किंगमध्ये चार वायफायचे सिग्नल येतात, त्याने सेन्सर जागा राहत असेल. ऐकायला बरं वाटतं, पण या प्रकारच्या सेन्सरला सिग्नलने जाग येत नाही, त्याला जागं करतो तो चुंबक. आत रीड स्विच असतो, काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पात्या, चुंबक जवळ आला की चिकटतात, गेला की सुटतात. चिकटणं-सुटणं म्हणजे एक फेरा, तेवढंच सेन्सरला कळतं. ते फेरे यायचे थांबले की थोड्या वेळाने सेन्सर झोपतो आणि झोपेत अगदी नगण्य करंट घेतो.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं, कागद-पेन घेतलं. काकांची एक सवय फार उपयोगी पडली, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी सगळं लिहून ठेवतात, कुठल्या दिवशी किती फिरले, सेल कधी टाकला, कधी गेला. पस्तीस दिवस म्हणजे ८४० तास. त्यात काकांनी सायकल चालवली ती आठवड्यातून पाच दिवस, पांडवलेणीपर्यंत जाऊन-येऊन दीड तास, सगळं धरून चाळीस तास. सेलमध्ये माल असतो साधारण २२० मिलिअँपिअर-तास. डब्यावरचं खरं मानलं, रोज एक तासाने वर्ष, म्हणजे ३६५ तास चालणार, तर चालवताना तासाला ०.६ च्या आसपास खर्च. चाळीस तासांचे झाले २४. मग बाकीचे १९६ गेले कुठे? सायकल उभी असताना! आठशे तासांत १९६ म्हणजे सतत जवळपास २४५ मायक्रोअँपिअर, पाव मिलिअँपिअर म्हणा, कोणीतरी ओढतंय, रात्रंदिवस, काका झोपलेले असताना सुद्धा.

आणि कॅलेंडर चाळताना दुसरी गोष्ट दिसली आणि मला स्वतःचाच राग आला. तिसरा सेल, तो भारी कंपनीचा साडेआठ आठवडेवाला, त्याच्या काळात काका-काकू तीन आठवडे मुलीकडे पुण्याला होते. तेव्हा सायकल हॉलमध्ये शोकेसला टेकवून ठेवली होती. ते दिवस वजा केले तर उरतात अडतीस-एकोणचाळीस. म्हणजे चारही सेल सारखेच जगले, तीस रुपयांचा काय आणि नव्वदचा काय! सायकल हॉलमध्ये असली की सेल सुरक्षित आणि पार्किंगमध्ये असली की मरतोय, एवढं सरळ होतं ते.

मग मीटर. मायक्रोअँपिअर मोजायला साधा मीटर सिरीजमध्ये लावला की गडबड होते, रेडिओ झटका मारतो तेव्हा मीटरवरच व्होल्टेज पडतो आणि सेन्सर रिसेट होतो, त्यामुळे एक जुगाड केला. दुधाच्या पिशवीचा नखाएवढा तुकडा, त्याच्या दोन्ही बाजूंना किचनमधला फॉइल पेपर चिकटवला, तो सेल आणि त्याला टेकणाऱ्या पट्टीच्या मधे सरकवला आणि दोन बाजूंना दोन केसासारख्या वायरी. त्या वायरींमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, झटके गिळायला. आता रेझिस्टरवर जेवढे मिलिव्होल्ट दिसतील त्याला दहाने गुणलं की मायक्रोअँपिअर. टेबलावर सेन्सर झोपलेला असताना ०.३ मिलिव्होल्ट, म्हणजे ३ मायक्रोअँपिअर. चकाचक. या हिशोबाने नुसता पडून राहिला तर सेल कित्येक वर्षं जाईल. पंधरा मिनिटं बघत बसलो, तीनच्या वर आकडा हलेना. म्हणजे सेन्सर चांगला आहे आणि तरी पार्किंगमध्ये मरतोय, डोकं फिरायची वेळ.

शेवटी संध्याकाळी नवीन सेल टाकून सेन्सर परत बसवायला खाली गेलो आणि काका तेवढ्यात भाजी घेऊन आले. त्यांनी सायकल लावली तशी मी कधी नीट बघितलीच नव्हती. स्टँड नाहीये त्यांच्या सायकलला, वजन वाढतं म्हणून काढून टाकलं. वॉचमनच्या केबिनला फूटभर उंच ओटा आहे, काका सायकल ओट्याला डाव्या बाजूने चिकटवतात, डावं पायडल उलटं फिरवतात आणि टक्कन ओट्यावर ठेवतात. सायकल त्या पायडलवर मस्त उभी राहते, भिंतीला घासत नाही, पडत नाही. प्रेसच्या गेटवर तीस वर्षं अशीच लावायचो म्हणाले.

डावं पायडल मागे, फूटभर उंचीवर. म्हणजे डावा क्रँक बरोबर त्या मागच्या आडव्या नळीला समांतर. म्हणजे क्रँकवरचा चुंबक थेट सेन्सरच्या तोंडासमोर! मी मोबाईलचा टॉर्च मारून वाकून बघितलं, मधे तांदळाचा एक दाणा जाईल एवढी फट. काका विचारतायत काय रे काय झालं, मी तिथेच फरशीवर बसलो.

खात्री करायला सेन्सर परत वर नेला आणि जुगाड लावून चुंबक समोर धरला. सेन्सरचा लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. इथेच सगळे फसतात, दिवा विझला म्हणजे झोपला असं वाटतं, मोबाईलवर ब्लूटूथ शोधलं तर तिथेही दिसत नाही, कारण नवीन फेरे येत नाहीत त्यामुळे रेडिओ खरोखर बंदच आहे. पण मीटरवर? २३ मिलिव्होल्ट. २३० मायक्रोअँपिअर, चुंबक हलवेपर्यंत स्थिर. चुंबक काढला, परत ३.

कारण अगदी साधं आहे. स्विचची स्थिती वाचायला चिपला स्विचशी जोडलेला आपला पाय एका रेझिस्टरने प्लसकडे ओढून ठेवावा लागतो, पुल-अप म्हणतात त्याला, आणि रीड स्विच चिकटला की तोच पाय मायनसला जोडला जातो. स्विच सुटा असेल तर पुल-अपमधून काही वाहत नाही, पण चिकटून राहिला तर प्लसपासून मायनसपर्यंत रस्ता उघडा, आणि चिपच्या आतले तयार पुल-अप कधीकधी दहा-पंधरा किलोओहमचेच असतात. तीन व्होल्ट भागिले तेरा किलोओहम करा, २३० येतात. म्हणजे गळक्या नळासारखं, थेंबथेंब, पण दिवसाला साडेपाच मिलिअँपिअर-तास. आठशे तासांचे १८४, चालवण्याचे २४, एकूण २०८. कॅलेंडरवरचा हिशोब आणि मीटर इतके जुळलेले मी कंपनीत पण फार कमी वेळा बघितलेत.

सगळेच सेन्सर असे नसतात हेही सांगतो. नीट विचार केलेला असेल तर स्विच काही सेकंद चिकटूनच राहिला की सॉफ्टवेअर पुल-अप बंद करतं आणि मधूनमधून डोकावून बघतं, किंवा मोठ्या किमतीचा रेझिस्टर बाहेरून लावलेला असतो. काकांच्या सेन्सरमध्ये बनवणाऱ्याने हे केलेलं नाही. त्याच्या डोक्यात असणार की चुंबक नेमका समोर येऊन थांबायची शक्यता किती, आणि चाकाच्या बाबतीत ते बरोबर आहे, वीस सेंटीमीटर त्रिज्येवर चुंबक एका फेऱ्यात सव्वाशे सेंटीमीटर फिरतो, त्यातला स्विच पकडणारा पट्टा तीनेक सेंटीमीटर, म्हणजे शंभरात दोन-तीन वेळा. पण क्रँक कुठे थांबेल हे नशिबावर नसतं, ते माणूस ठरवतो. नाशिकरोडच्या ओट्याची उंची त्या डिझाईनवाल्याला कुठून माहीत असणार.

उपाय काय, तर चुंबक नसलेला नवीन प्रकारचा सेन्सर घ्या, क्रँकवरच चिकटतो आणि हालचालीवरून फेरे मोजतो. मी सुचवलं, काकांनी किंमत विचारली आणि विषय बदलला. (त्याचं वेगळंच दुखणं आहे, सायकल टेम्पोत किंवा गाडीच्या कॅरिअरवर टाकून नेली की हादऱ्याने तो वाटभर जागा राहतो.) स्टँड लावा म्हटलं तर वजन. पायडल ओट्यावर ठेवू नका म्हटलं तर म्हणाले बघतो, आणि मला माहीत होतं की हात आपोआप तेच करणार. मग सोपं काढलं. सायकलचं तोंड उलट्या दिशेला करायचं. मग उजवं पायडल ओट्यावर येतं, उजवा क्रँक मागे जातो म्हणजे डावा पुढे, आणि चुंबक सेन्सरपासून फूटभर लांब. सवय तीच, फक्त तोंड गेटकडे नाही तर लिफ्टकडे.

कॉम्प्युटरचं पण थोडक्यात, कारण काकांना दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड, करायचीये, वेळ साडेतेरा तास असतो, आणि त्यांचा कॉम्प्युटर पंधरा तासांच्या जागी सात तासच जात होता. (२०१५ ला डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून नाशकात प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी माणूस बीआरएमचं नाव काढतोच.) त्यात गूढ काही नव्हतं, बॅकलाईट कायम चालू आणि फुल, नकाशाचं पान सतत उघडं, मोबाईल जोडलेला, मेसेज येतोय वाजतोय. बॅकलाईट पंधरा सेकंदांवर आणला, उन्हात तशीही गरज नसते, आणि मोबाईल तोडला. बारा तासांच्या वर जातोय आता, उरलेल्याला छोटी पॉवरबँक. फक्त पावसात चार्जिंगचं रबरी झाकण उघडं ठेवून केबल लावायची नाही एवढं बजावलंय.

पाचवा सेल २३ सप्टेंबरला टाकला. ऑक्टोबरच्या शेवटी, पस्तिसाव्या दिवशी, काका सकाळी सहा वाजता माझी बेल वाजवून सांगून गेले की चालू आहे.

डिसेंबरमध्ये एकदा पहाटे फोन आला, "गेला रे परत!" निफाडला पारा सहाच्या खाली गेला होता तो आठवडा, नाशिकलाही कडाका होता, काका साडेपाचला पांडवलेणीच्या पायथ्याशी आणि कॉम्प्युटरवर सेन्सर लो बॅटरी. मी म्हटलं चालवत राहा, ऊन आलं की बघा. नऊ वाजता घरी आले तोपर्यंत इशारा गायब. थंडीत सेलचा आतला रेझिस्टन्स वाढतो, व्होल्टेज थोडा बसतो, सेन्सरला वाटतं संपला. लोड लावून बघितलं, २.९, काही झालेलं नाही.

त्याआधी दिवाळीच्या साफसफाईत वॉचमनने सायकल उचलून धुतली आणि परत लावताना जुन्या सवयीने तोंड गेटकडे, डावं पायडल ओट्यावर. दोन दिवस तशीच होती, अकरा मिलिअँपिअर-तास फुकट. काका इतके चिडले की खडू आणून ओट्यावर बाण काढला, खाली लिहिलं "सायकलचे तोंड इकडे". पुसला गेला की परत काढतात, आता बाकीच्यांच्या सायकली पण तिकडेच तोंड करून लावलेल्या असतात आणि त्यातल्या कोणाकडेच सेन्सर नाहीये.

काल व्हॅलेंटाईनच्या दिवशी काकांनी कॅलेंडर आणून दाखवलं, १४४ दिवस, लोडवर २.८. पट्टीतले उरलेले सेल कुठे ठेवलेत विचारलं तर देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, डबीत, डबीला चिकटपट्टी. काकूंना स्टूल घ्यावं लागतं म्हणून त्या वैतागल्यात, पण नातवाचा हात पोचत नाही.